आगीआधी माती

कचेरीत तिला सगळे वीटबाई म्हणत. परदेशातून आलेला माल करतक्त्याच्या कोणत्या ओळीत बसतो, हे ठरवणं तिचं काम. मुळात ती कापडाच्या टेबलावरची. भट्टीच्या विटांचं टेबल दोन महिने सांभाळायला म्हणून आली आणि एकोणीस वर्षं तिथेच रुतली.

एके वर्षी एका काच कारखान्याच्या विटा आल्या. कागदावर ‘अग्निरोधक विटा’ लिहिलेलं. तिने एक उचलली, तर हातात काही आहे असं वाटेना. नखाने ओरखडल्यावर पांढरी भुकटी पडली. ही तर सूक्ष्म जलजीवांच्या सांगाड्यांची माती, तिची ओळ वेगळी. तिने माल अडवला आणि नमुना तपासणीला धाडला.

चौथ्या दिवशी कारखान्याचा भट्टी बांधणारा मिस्त्री आला.

“बाई, भट्टी उघडी पडलीय. आग सोसते ती भट्टीची वीट. यात बघायचं काय?”

“आमच्याकडे आगीआधी माती बघतात, दादा.”

तो रोज येई, बाकावर बसे आणि संध्याकाळी निघून जाई.

कर वाढला तर भरू, असं हमीपत्र लिहून घेऊन माल अहवालाआधी सोडता आला असता. पण त्यासाठी तीन मजले चढून साहेबांची सही आणायची. गुडघे नको म्हणाले, आणि तिने त्यांचं ऐकलं.

अहवाल अठरा दिवसांनी आला. तिचंच बरोबर निघालं. तिने ओळ बदलली, शिक्का मारला.

“म्हणजे कर वाढला?” मिस्त्रीने विचारलं.

“नाही. दोन्हीकडे सारखाच.”

“मग अडवलंत कशाला?”

नोंद चुकली की पुढच्या चुका तिच्याच आधाराने होतात, हे उत्तर तिला पाठ होतं. पण तिने माल सोडल्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“परवा त्या उघड्या भट्टीचा घुमट कोसळला,” तो म्हणाला. “आता पहिल्यापासून बांधायचा.” आवाजात राग नव्हता. रागवायलाही त्राण लागतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं.

“कायद्याने बरोबर होतीस ना?”

“होते.”

“मग झालं तर!”

झालं नव्हतं. तिने बदलीचा अर्ज दिला. साहेब हसून म्हणाले, “विटांतलं तुमच्याइतकं कळतं कोणाला?” अर्ज परत आला.

त्यानंतर माल अडवला की हमीपत्राचा कोरा कागद ती पहिल्याच दिवशी समोरच्याच्या हातात ठेवी. माल सोडवायला येणारे एजंट आपसात म्हणत, “बाई नरमल्या.” ती ऐकून घेई आणि पुढची फाईल ओढी.