आयची तेर्स आणि होडीतलं गाणं

हिरोने हिरॉईनचा हात धरला की माझी सासू, म्हणजे आमची आय, टीव्हीचा आवाज बंद करायची. नुसता आवाज, चित्र चालूच. मग कनवटीची जपमाळ काढून म्हणायची, "चल पोरी, पुढचं रहस्य."

सांडोरच्या आमच्या घरात संध्याकाळची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकली नाही. पण मारामारीचे जुने हिंदी सिनेमेही त्याच वेळेला लागायचे आणि आयला दोन्ही हवं असायचं. जपमाळेचे भाग पाच, त्यांना रहस्यं म्हणतात. सिनेमात गाणीही साधारण पाच. प्रत्येक गाण्यात एक रहस्य उरकायचं. "सिनेमावाल्यांनी प्रार्थनेसाठीच जागा सोडलीय," ती म्हणायची, "नाहीतर गुंड मागे लागलेले असताना गातं कोण?" गाणी कमी पडली की चिडायची. "कामचुकार मेले."

"जाहिरातीत का नाही म्हणत?" माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"जाहिरातीत तव्यावरचे बोंबील कोण परतणार, तू?"

मारामारी सुरू झाली की मात्र घरात कोणी बोलायचं नाही. बोलायची ती एकटीच. "अरे मागे बघ. दाराआड उभा आहे मेला." हिरो पडला की श्वास रोखून धरायची, उठला की मला कोपर मारायची.

आय आता नाही, पण तिचा लाडका सिनेमा अजून लागतो. खाडीत होडी चालवणारा हिरो, लाकडाच्या वखारीचा मालक गुंड आणि सायकलवरून फिरणारी नर्स. त्यात होडीतलं एक गाणं आहे. नर्स रुसून गाव सोडायला निघालेली असते. गाणं संपताना डोळे पुसते, हसते आणि राहते. तो तिला काय सांगतो, एवढंच मला ऐकायचं होतं. चाल पाठ होती, कारण आमच्याकडच्या लग्नांत बॅन्डवाले ती वाजवतातच. बॅन्डला शब्द नसतात. आणि आयला 'आवाज ठेव' म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी नवऱ्याशीसुद्धा कामापुरतंच बोलायची. हिरोचे ओठ बघत मी जपमाळेतलं 'नमो मारिया' म्हणत राहायची.

ऑक्टोबरात तेर्स आळीत घरोघरी फिरते. एका वर्षी आमच्या पाळीला फादरही आले. नेमका आयचा घसा बसलेला. तिने जपमाळ माझ्या हातात दिली. "तू सांग आज."

घरभर माणसं. मी डोळे मिटून सुरू केलं. थोडा वेळ बरं गेलं. मग मिटल्या डोळ्यांपुढे होडी आली आणि 'नमो मारिया' त्या गाण्याच्या चालीत बाहेर पडलं, बॅन्डवाल्यांच्या शेवटच्या लांब सुरासकट.

प्रार्थनेची उरलेली ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची असते, पण कोणी म्हणेना. शेजारची फिलूबाय तोंडाला पदर लावून हलत होती. मला पुढचं आठवेना. तेवढ्यात आयचा घोगरा आवाज आला. तिने उरलेली ओळ त्याच चालीत म्हटली, एक वळण न चुकता. मग सगळ्यांनीच तशी म्हटली.

"चाल छान आहे," निघताना फादर म्हणाले. "कुठली?"

"जुनी आहे फादर," आय म्हणाली. "खाडीवरची."

कप विसळताना तिने मला विचारलं, "ते गाणं ऐकायचंय ना तुला? मग तोंड कशाला दिलंय देवाने?"

पुढच्या वेळी सिनेमा लागला तेव्हा तिने तेर्स आधीच उरकून घेतली. होडी आली आणि मी पहिल्यांदा शब्द ऐकले. चंद्र होता, चांदणं होतं, तिचे डोळे होते, मग परत चंद्र. नर्स डोळे पुसून हसली.

"एवढ्यावर राहिली ही?" आय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला काय वाटायचं, काय सांगतो तो?"

मी सांगितलं. मला वाटायचं, तो म्हणत असेल, पलीकडच्या गावात कोणी आजारी पडलं तर मी तुला होडीतून नेईन. भरती असली तरी नेईन. तू आत असशील तोवर काठावर बसून राहीन, हाक मारून घाई करणार नाही. परत येताना तू दमलेली असशील, तेव्हा काही विचारणार नाही. एवढं मी कोणापुढे कधी बोलले नव्हते.

टीव्हीवर वखारीतली मारामारी सुरू झाली होती. आयची पाठ तिकडे होती.

"मग?" ती म्हणाली. "पुढे काय म्हणतो?"