बुडीचा मान

मला पोहायला माझ्या आत्यानं शिकवलं. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली होती. मळ्यात मोट सुटली आणि गडीमाणसं जेवायला गेली, की ती माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायची आणि मला विहिरीत ढकलायची. भोपळा सुटला तेव्हा मी सात वर्षांची असेन. बारावं लागेपर्यंत मी तळाची माती मुठीत घेऊन वर येऊ लागले होते.

आमचं गाव डोंगरकडा या गावापासून दोन-अडीच कोसांवर. गावात विहिरींचं काम करणारा एकच माणूस होता. गाळ काढायचा, पडलेली भांडी काढायची, आणि कुणी बुडून मेलं तर त्यालाही वर आणायचं, हे त्याचं काम. सारा गाव त्याला मामा म्हणायचा. एकदा आमच्या मळ्यात पोहरा दोरातून सुटून पडला. दादांनी मामाला बोलावलं. तो लंगोट आवळत होता तेवढ्यात मी उडी टाकून पोहरा वर आणलासुद्धा.

मामा रागावला नाही. काठावर बसून हसला. म्हणाला, "लेकरा, तुझा दम माझ्याहून लांब हाय."

त्यानंतर मळ्यात आला की तो मला एखादी गोष्ट सांगून जायचा. कानात कळ आली की घोट गिळायचा. हातपाय मारायची घाई करायची नाही. आणि तळाशी गेल्यावर डोळे मिटून घ्यायचे, हातांनी बघायचं.

"काहून?" मी विचारलं.

"गाळ जातो डोळ्यात." मग जरा थांबून म्हणाला, "आन् बारवेत उतरली तं बिलकूल उघडायचे न्हाईत."

बारवेत मी कशाला उतरणार होते? ती गावाच्या उगवतीला, देवळामागं होती. तीन बाजूंनी पायऱ्या, चौथ्या बाजूला सरळ खाली गेलेली दगडी भिंत. सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी तिथलंच. बाया रोज पायऱ्या उतरून घागरी भरायच्या. मधल्या टप्प्यावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. त्यांना हळदकुंकू वाहायचं, हिरव्या बांगड्या वाहायच्या, आणि भर उन्हाच्या वेळी त्यांच्यासमोर थांबायचं नाही. लग्नाच्या वयाच्या पोरी त्यांना आवडतात, त्या धरून ठेवतात, असं म्हणत.

चैत्रात देवळाची जत्रा भरायची. त्या दिवशी गुरव एक तांब्या बारवेत सोडायचा. तांब्यात शिसं ओतलेलं, तोंड लाखेनं बंद केलेलं. चैत्रातसुद्धा बारवेला चार पुरुष पाणी असे. तांब्या जो वर आणेल त्याला बुडीचा मान: डोक्याला फेटा आणि वर्षभर गावच्या सगळ्या विहिरींचं काम. सुगीला दर घराकडून धान्य त्यालाच मिळायचं. म्हणून लांबलांबचे बुड्या मारणारे यायचे. पण नऊ वर्षं मान मामाकडंच राहिला होता.

दहाव्या वर्षी तांब्या निघालाच नाही. मामा वर आला तेव्हा त्याचे तळवे खरचटले होते. "हातात आला व्हता," एवढंच तो म्हणाला. "मंग काढून घेतला." कुणी काढून घेतला, ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुसरं कुणी नव्हतं म्हणून काम त्याच्याकडंच राहिलं.

पुढच्या चैत्रात मी तेरा वर्षांची होते. गोरेगावला माझं लग्न ठरलं होतं.

त्या वर्षी पाच जण आले. दोघं कनेरगाव नाक्याकडचे, दांडगे, खांद्यांवर तेल चोळलेले. एक वाशीमकडचा. गुरवानं नवा तांब्या सोडला आणि एकेक उतरू लागला. ऊन डोक्यावर आलं तरी सगळे रिकाम्या हातांनी वर येत होते. एकाला तीनच बुड्या मारता येत. मामानं दोन मारल्या. दुसऱ्या खेपेला त्याच्या नाकातून रक्त आलं. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. दोन वर्षं ओळीनं तांब्या आत राहिला, तर त्या बारवेचं पाणी प्यायचं कसं?

मामा ओल्या अंगानं पायरीवर बसला होता. त्यानं गर्दीतून मला नेमकं हुडकलं.

"त्या पोरीला उतरू द्या," तो म्हणाला. "माझ्याहून खोल जाती ती."

एकदम गलका झाला. गुरव म्हणाला, "हा गड्यांचा मान हाय. पोरीची जात बारवेत घालून आसरांच्या हाती देऊ का?"

नाक्याकडच्या गड्यांपैकी एक म्हणाला, "पोरीनं तांब्या काढला तं विहिरी उपसायला काय ती येणार हाय? तिचं लगीन झालं की ती गेली. आन् ज्याचं पोट यावर हाय त्यानं काय करावं?"

एक म्हातारे होते, पंच. ते समजुतीनं बोलले. "पोरींचा शौक असंल तर त्यांच्यासाठी न्यारी बुडी ठेवा. मळ्यातली विहीर हाय, नारळ टाका, काढू द्या. ही बारव गड्यांची."

तेव्हा आत्या बोलली. चारचौघांत ती कधी बोलत नसे. "रोज घागर घेऊन हितं आमीच उतरतो. तेव्हा ही बारव गड्यांची नसती काय? आन् खाली आसरा हायत त्या बाया हायत का गडी?"

सगळे दादांकडं बघू लागले. दादांनी माझ्याकडं पाहिलं. "जाशील?"

"जाते," मी म्हणाले. खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं याचीच धुंदी होती.

आत्यानं माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. परकर मांड्यांशी घट्ट खोचून दिला. केस मोकळे राहिले तर अडकतील म्हणून वर ओढून त्यांचा घट्ट बुचडा बांधला. मी सरळ भिंतीच्या बाजूनं उडी टाकली.

वरचं पाणी ऊन होतं. दोन हात खाली गेले आणि पाणी गार झालं, आणखी खाली एकदम थंडगार. हिरवा उजेड होता, मग तोही काळवंडला. कानात कळ आली तसा मी घोट गिळला. वरचा गलका केव्हा बंद झाला ते कळलं नाही. हाताला गाळ लागला आणि मी डोळे मिटले.

गाळात बराच वेळ चाचपलं. दगड, खापरं, सडलेला दोर. मग भिंतीला हात लावून सरकत गेले आणि भिंतीत हात आत गेला. तिथं एक देवळी होती, घरात दिवा ठेवायला असते तशी. गड्याचा खांदा शिरणार नाही एवढी अरुंद. मी हात खांद्यापर्यंत आत घातला. आत गाळ नव्हता. एवढ्या खोल पाण्यात ती देवळी पुसून काढल्यासारखी स्वच्छ होती. आणि तिच्यात दोन तांबे उभे होते, शेजारी शेजारी, फडताळात भांडी मांडावीत तसे.

तळाला शिसं होतं म्हणून ते उभे राहिले, असं पुढं दादा म्हणत. पण वरून सोडलेला तांब्या भिंतीच्या आत कसा जाईल, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

मी एक तांब्या उचलला. दुसऱ्याला हात लावला, आणि तेवढ्यात कानाच्या अगदी जवळ बांगड्या वाजल्या. पाण्यात वाजतात तशा नाही. स्वयंपाकघरात कुणी भाकरी थापताना वाजतात तशा, मोकळ्या. मग मला वाटलं की माझ्या मागं कुणीतरी बसलं आहे. भीती अशी नाही वाटली. मान आपोआप खाली गेली, डोक्याला तेल लावून घेताना जाते तशी. किती वेळ मी तशी होते कुणास ठाऊक. छातीत आग झाली तेव्हा भान आलं. मी भिंतीला पाय लावले आणि वर सुटले. डोळे उघडले नव्हते, हे मात्र शपथेवर सांगते.

वर आले तेव्हा बाया रडत होत्या. दादा गळाभर पाण्यात उतरले होते. त्यांना वाटलं होतं मी गेले. हातातला तांब्या दिसला आणि हलगी वाजायला लागली.

गुरवानं तांब्या उलटसुलट करून पाहिला आणि हलगी थांबवली. "हा मागच्या सालचा हाय. हिरवा पडून राहिला बघा."

झालं. पुन्हा वाद. कुणी म्हणे, काढला तो काढला. कुणी म्हणे, यंदाची बुडी यंदाच्या तांब्याची. मी धापा टाकत सांगितलं, की दुसराही तिथंच आहे, भिंतीतल्या देवळीत. मामा उठला. त्याची तिसरी बुडी बाकी होती. मी बोट दाखवलं तिथंच तो उतरला. बऱ्याच वेळानं वर आला, पायरीला धरून राहिला, आणि माझ्याकडं न बघता बोलला.

"देवळी न्हाई तिथं. भित सलग हाय. वरपासून खालपर्यंत हात फिरवला."

"खोटं बोलून राहिली पोरगी," कुणीतरी म्हणालं.

"मंग तांब्या कुठून आणला तिनं?" मामा म्हणाला.

इकडं आत्या माझं डोकं पुसायला बसली होती. तिचा हात थांबला. तिनं माझे केस पुढं ओढून मला दाखवले. बुचडा नव्हता. केसांची वेणी घातलेली होती, तीन पेडी, घट्ट, टोकापर्यंत सारखी. आत्याला मी विचारायच्या आधीच तिनं 'मी न्हाई घातली' अशी मान हलवली. कुणाला दिसू नये म्हणून माझ्यावर पदर धरला आणि बोटांनी घाईघाईनं वेणी उकलून टाकली. त्याबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही तिला छेडलं नाही. आम्ही दोघींनीच ते पाहिलं होतं.

पंचांनी मला जवळ बोलावलं. "बोल लेकरा, तुला काय पाहिजे?"

मामाच्या घरी चार लेकरं होती. ती सगळ्यात खालच्या पायरीवर ओळीनं बसली होती. मी म्हणाले, "विहिरींचं काम मामालाच राहू द्या. पण काढला मी, एवढं म्हणा."

तसं ते म्हणाले, पण त्यांच्या पद्धतीनं. गुरवानं हलगी वाजवून दादांचं नाव पुकारलं, अमक्याच्या लेकीनं तांब्या काढला म्हणून. फेटा पोरीच्या डोक्याला बांधता येत नाही, म्हणून तो दादांच्या डोक्याला बांधला. दादा तो घालून गर्दीत उभे राहिले, मान खाली घालून. घरी येऊन त्यांनी फेटा खुंटीला अडकवला. पुढं कधी तो त्यांनी घातला नाही.

बुडीची चाल तिथंच थांबली. पुढच्या चैत्रात गुरवानं तांब्या सोडलाच नाही. मामा काम करत राहिला, पण बारवेचा गाळ मात्र त्यानं पुन्हा काढला नाही. पोरीबाळींना गड्यांच्या बुडीत उतरू द्यायला पाहिजे होतं का, यावर आमच्या गावात अजून वाद होतो, आणि वाद झाला की माझं उदाहरण दोन्ही बाजूंनी देतात. माझ्या पायी मामाची लेकरं उपाशी राहिली असती, हे खरं. माझा दम त्याच्याहून लांब होता, हेही खरं. म्हाताऱ्या पंचांनी सांगितलेली न्यारी बुडी मला तेव्हाही नको होती, आजही नको वाटते. मळ्यातल्या विहिरीतला नारळ काढून मला काय कळलं असतं?

लग्न होऊन गोरेगावला आले. सासरी कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण संस्थानाचं राज्य गेलं त्या साली, सन अठ्ठेचाळीसला, ते कळलं. त्याआधी दंगेधोपे वाढले तेव्हा माणसं लेकरंबाळं घेऊन वाशीमकडं, संस्थानाच्या सरहद्दीपार निघून गेली होती. जाताना बायांनी भांडी आणि अंगावरचे दागिने गाठोड्यात बांधून विहिरींत टाकले होते. परत आल्यावर ते काढायचे कुणी? बाहेरचा माणूस उतरवायला बाया तयार नव्हत्या. सासूबाईंनी माझ्या माहेरच्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. लेकरू माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "तुला येतं म्हनं."

आठ दिवस मी रोज उतरले. बाया विहिरीभोवती कडं करून उभ्या राहत आणि गडीमाणसं विहिरीकडं पाठ करून लांब थांबत. गाठोडं वर आलं की जिचं असेल ती गाठीवरून ओळखायची. कुणी हसायची, कुणी तिथंच बसून रडायची.

शेवटच्या विहिरीत एक गाठोडं जास्तीचं निघालं. कोऱ्या खणात बांधलेलं. आत लहान लेकराचे चांदीचे वाळे आणि कमरेचा करगोटा. ते हातोहाती सगळ्यांकडून फिरलं. कुणीच ओळखेना. परत न आलेलं घरही गावात एकही नव्हतं. सासूबाईंनी खण हातावर चोळून पाहिला. एवढे दिवस पाण्यात होता, पण रंग जरासुद्धा उतरला नव्हता.

"खालच्या बायांचं हाय हे. ठिवून ये," त्या हळूच म्हणाल्या. "जिथं व्हतं तिथं बराबर."

मी गाठ पहिल्यासारखी बांधली आणि खाली गेले. तळाशी ठेवून वर आले तेव्हा बाया पांगल्या होत्या. सासूबाई एकट्याच काठावर कोरडं लुगडं धरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा त्या विहिरीचं पाणी भरायला लागलो.