हजेरीतला राम

कडुबा पेंटरला इंग्रजीचे पाचच शब्द येतात, आन पाचही मागच्या माणसांचे. लेट, एक्स, फॉर्मर, पास्ट, रिटायर्ड. बंगल्याच्या फाटकावर बापाच्या नावाआधी लेट. निवडणुकीत पडलेल्याच्या जीपवर एक्स सरपंच. सायबाच्या खुर्चीमागं आधी कोण कोण बसून गेलं त्याचा लाकडी फळा असतो, त्याच्यावर फॉर्मर. वाचता येत नाय त्याला. बैलाचं चित्र काढावं तशी अक्षरं काढतो. फ्लेक्सनं शहरात शहागंज बाजारातले बाकीचे पेंटर खाल्ले, हा तेवढा त्या लाकडी फळ्यांवर तगून हाय.

त्याचा एक कायदा. नाव लिवायचं, पुसायचं नाय. एका हापिसात नवा सायेब आला. आधीच्याशी त्याचं वाकडं. म्हणला, "माझ्या वरचं नाव खोडून टाक."

कडुबा म्हणला, "सायेब, मधली पायरी काढली तर तुमी वर चढले कसे?"

सायेब लालबुंद झाला, पण नाव राहिलं. बाहेर आल्यावर कडुबा मला, त्याच्या गाववाल्याला, म्हणला, "वरून कितीबी रंग मारा, एक पावसाळा गेला की खालचं अक्षर वर येतंच. शहराचं नाव बदललं तवा पाट्या रंगवल्या ना म्या. आता जाऊन बघा."

कडुबा आमच्या पाचोडचा, धनगराचा. आमच्याकडं कडुबा नाव ऐकलं की कुणी इचारत नाय, कळतंच की आधीचं लेकरू गेलेलं हाय. पाठच्याला कडू नाव ठेवायचं, म्हणजे मरण तोंडात घेईल आन थुकून टाकील. ह्याच्या आधी राम व्हता. तिसऱ्या वर्षी गोवरात गेला. पुढं बाप सर्जेराव मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरलेला असताना पालातच कडुबा जन्मला. पालात कसली आलीय नोंद? शाळेत घालायची वेळ आली तवा मास्तर म्हणले, जन्माचा कागद आणा. घरात कागद एकच, रामाचा. आई पारूबाईनं तोच नेऊन दिला. मास्तरनं लिवलं, राम सर्जेराव. सात वर्षांचं पोरगं कागदावर दहाचं झालं.

हजेरीला "राम" म्हणलं की कडुबा जरा थांबायचा. न जाणो, ज्याचं नाव हाय तोच "हजर" म्हणला तर? मागून कुणी बोललं नाय की मग हा बोलायचा. ती खोड गेली नाय. आजबी बँकेत, मतदानाला नाव पुकारलं की आधी मागं बघतो.

यंदा लेकीचा, तनुजाचा, नर्सिंगला नंबर लागला. जात पडताळणीला बापाच्या जन्माचा दाखला पायजे. बाप-लेक बाजाराच्या दिवशी पाचोडला गेले. कारकुनानं जुनी वही उलटली, मग दुसरी उलटली, आन छापलेला इंग्रजी उतारा समोर सरकवला.

कडुबानं पहिला शब्द बघितला. चार अक्षरं. हजार फाटकांवर काढलेली. तनुजानं वाचायच्या आधी त्याला उमगलं.

"अप्पा, तुमी वारले व्हय?" तनुजा हसली. बापाचं तोंड बघितल्यावर तिनं उतारा पुन्हा वाचला.

कारकून भला माणूस. म्हणला, "सोपं हाय. आजीचा अंगठा घ्या. राम एकच, तो हा जिता, मेल्याची नोंद चुकून झाली. मरणाच्या वहीतली ती वळ रद्द करू. आठ दिवसांत दाखला."

"आन नाय घेतला तर?" कडुबानं इचारलं.

"तर शाळेपासून आधारपत्तुर समदं कडुबा करत बसा. पोरीचं यंदाचं वरीस गेलं."

पारूबाई गावातच ऱ्हाते. नजर पार गेलीय. कडुबानं समदं सांगितलं. रामाचा फोटू नाय. त्याला पुरलं त्या जागेवरनं सडक गेली. वहीतली वळ तेवढी उरलेली.

म्हातारी म्हणली, "लेकीचं काम हाय ना? चल, देते अंगठा. मेल्याला काय लागतंय?"

तिला हाताला धरून हापिसात नेलं. कागद तयार, शाईचं पॅड उघडं. कारकुनानं आतून आवाज दिला, "राम सर्जेराव!"

कडुबा थांबला. नेहमीसारखा. पण म्हातारीनं मान वळवली. ज्या लेकाचा हात तिच्या हातात व्हता त्याच्याकडं नाय, दाराकडं. आंधळे डोळे दारावर लावून बसली, जसं कुणी मेंढरं कोंडून आत येणार हाय.

कडुबानं शाईचं पॅड मिटलं. "सायेब, राम वारला. गोवरानं. मी कडुबा."

एस्टीत तनुजा तोंड फिरवून बसली. शहर जवळ आलं तवा बोलली, "मेलेल्या भावासाठी जित्या लेकीचं वरीस घातलं तुमी."

"घातलं," कडुबा म्हणला.

महिनाभर बापाशी बोलली नाय. मग एक दिवस तिनंच नाव बदलायचा फॉर्म आणला आन बापाला घेऊन खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली. फॉर्म इंग्रजीत. कडुबानं वरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा फॉर्मर हाय ना?"

"व्हय. आधीचं नाव. इथं राम लिवायचं, खाली कडुबा."

"दे. वरचं मी काढतो. कसं दिसतं ते दाव."

तिनं तळहातावर तीन अक्षरं लिहून दाखवली. कडुबानं पेन कुंचल्यासारखं धरलं, फॉर्म भिंतीला लावला आन काढू लागला. जाड रेघ, बारीक रेघ, टोकाला वळण. मागं रांग कुरकुरायला लागली.

"ओ काका, सही करायलात का देऊळ बांधायलात?"

"अप्पा, उरका ना!"

उरकलं नाय त्यानं. झाल्यावर फुंकर मारली, आन खालचा रकाना तनुजाला भरायला दिला.

तासाभरानं खिडकीतून पुकारा आला. "कडुबा सर्जेराव!"

"हजर," हा लगेच म्हणला. आन मग मागं बघितलं.