धारेवरचा बर्फ

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताईच्या फोनवर रोज सकाळी बर्फाची बातमी यायची. रत्नागिरीजवळ पावसला तिच्या बागेत आंबा उतरवायचं काम चालू असायचं. गडी झेले, म्हणजे जाळी लावलेल्या काठ्या, घेऊन कलमांवर चढलेले, सदरे घामानं अंगाला चिकटलेले, आणि ताई पडवीत रिकाम्या पेट्यांच्या ढिगाशेजारी फोन कानाला लावून उभी. उत्तराखंडातल्या एका डोंगरी गावातला वाटाड्या तिला हिंदीतून बोललेले निरोप पाठवायचा. जंगलातल्या घळीत अजून गुडघाभर बर्फ आहे. काल वर पुन्हा पडला. धार बंद आहे. दीदी, घाई करू नका.

धार म्हणजे डोंगराचा वरचा अरुंद कणा, दोन्ही अंगांनी तुटलेला. आमच्याकडे सह्याद्रीतही त्याला धारच म्हणतात. त्या धारेवरून आदल्या मे महिन्यात माझे भावोजी, ताईचे यजमान, खाली कोसळून गेले होते.

भावोजी जमीन मोजणीच्या खात्यात होते. जन्मभर कातळावरून आणि झाडीतून चालले. सुट्टी मिळाली की संगमेश्वरच्या बाजूच्या घाटवाटा चढायला जायचे, आणि पन्नाशी उलटल्यावर दोस्तांबरोबर हिमालयात जायला लागले. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. ताई मागच्या दारी मासळी साफ करत होती. आम्हाला बर्फ ठाऊक तो मिरकरवाड्याच्या बंदरावरचा, मासळीच्या टपात घालायचा, भुगा केलेला. भावोजी तिच्याजवळ पाटावर बसले आणि म्हणाले, "अगो, बर्फ पांढरा नसतो. सावलीतला निळा दिसतो."

"आणि उन्हातला?" ताईनं हातातलं काम न थांबवता विचारलं.

"उन्हातल्याकडे बघवतच नाही."

त्यानंतर ते आणखी एकदा गेले, आणि मग तिसऱ्यांदा.

ते पडल्याचा निरोप आला तेव्हा मी माझ्या दुकानात होतो. पाण्याचे पंप दुरुस्त करायचं माझं दुकान आहे रत्नागिरीत. शटर खाली ओढलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. मी त्या गावात पोचलो तेव्हा वर हवा बिघडलेली होती आणि शोध थांबला होता. आभाळ मोकळं झाल्यावर ते धारेखालच्या घळीत सापडले. खाली आणल्यावर सगळ्यांनी सांगितलं की रस्ता दरडीनं तुटलाय, एवढ्या लांब नेणं होणार नाही. त्यांची मुलगी, माझी भाची, मुंबईहून निघाली होती, ती वाटेतच अडकली. तिला फोनवर विचारून मी नदीकाठी अग्नी दिला. मोठ्या पात्राची, मातकट पाण्याची नदी होती. एवढंच मला तिथलं आठवतं.

अस्थी घेऊन आलो. पूर्णगडच्या खाडीत त्या सोडल्या, दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी ताईनं मला विचारलं, "जागा कशी होती रे?"

"मी वर गेलोच नव्हतो, ताई. खालचं गाव बघितलं नुसतं."

"मग वर कोण होतं त्यांच्याजवळ?"

मी वाटाड्याचं नाव सांगितलं. तिनं माझ्याकडून त्याचा नंबर घेतला. देहाबद्दल तिनं काही विचारलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे दिवाळी झाल्यावर तिनं चालायला सुरुवात केली. आधी पावसच्या सड्यावर, उघड्या कातळावर, मग घाटीनं वर-खाली. तिचे गुडघे दुखायचे, तेल चोळून बांधून ती परत चालायची. बायका बोलायच्या. कपाळ पुसल्याला वर्ष नाही झालं आणि ही पायात बूट घालून कुठे निघाली, असं एकीनं माझ्या बायकोला तोंडावर विचारलं. ताईच्या कानावर ते गेलं असणार. ती थांबली नाही. "मला ती जागा बघायचीय," एवढंच सांगायची. भाचीनं फोनवर रडून, भांडून बघितलं, त्यालाही हेच उत्तर.

मला वेगळ्याच गोष्टीची भीती वाटत होती. शिमग्याला भाची घरी आली, तेव्हा ताईनं हातातल्या बांगड्या काढून तिच्या हातात घातल्या. कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. पुढच्या हंगामापासून बागही दुसऱ्याला करायला दिली. एकेक गोष्ट बघितली तर त्यात काही नव्हतं. बाई एकटी पडली, तिला आता झेपत नाही, असं कुणीही म्हटलं असतं. पण भाचीनं मुंबईला परत गेल्यावर मला फोन केला.

"मामा, आई परत यायच्या तयारीनं जातेय असं मला वाटत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस," मी म्हटलं. पण तिनं बोलून दाखवलं ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं.

मी ताईबरोबर जायचं ठरवलं. बायकोनं अडवलं नाही. निघताना म्हणाली, "जा. पण वर चढताना तिच्या मागेच राहा. पुढे जाऊ नका."

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही त्या गावात पोचलो. वाटाड्याचं घर दगडी, चपट्या पाट्यांच्या छपराचं. तो पस्तिशीचा असेल, कमी बोलणारा. ताईला बघून त्यानं हात जोडले, मग वाकून पायांना हात लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला. रात्री पत्र्यावर वाळू पडावी तसा आवाज येत राहिला. सकाळी बघितलं तर समोरचे डोंगर पार खालच्या झाडीपर्यंत पांढरे झालेले.

"नवीन बर्फ आहे," तो म्हणाला. "जुन्यावर बसायला वेळ लागेल. थांबू या."

थांबलो. त्या दिवसांत काही करायला नव्हतं. ताई चुलीशी बसून त्याच्या बायकोला भाजी निवडू लागायची, आणि तो संध्याकाळी वाट सांगायचा. ताईच विचारायची, एकच वाट पुन्हा पुन्हा. आधी देवदारांचं जंगल, तिथं सावलीच्या घळीत जुना, मळका बर्फ. पहाटे तो दगडासारखा असतो, बुटाची टाच मारून खाच केल्याशिवाय पाय ठरत नाही. मग ओढा. ओढ्यावर बर्फाचा साकव, म्हणजे पूल, धरलेला असतो, पण आतून पाणी तो पोखरत असतं, म्हणून एकेकानंच पलीकडे जायचं. पुढे उघडं गवत, आणि मग धार. धारेवर वारा बर्फ एका कडेला सारत राहतो. तो छपराच्या कडेसारखा बाहेर येतो. वरून बघणाऱ्याला सपाट जमीन वाटते, आणि खाली डोंगर नसतोच.

"ते त्यावर गेले?" ताईनं विचारलं.

"वर गेल्यावर सांगतो, दीदी," तो म्हणाला.

हवा उघडली तशी आम्ही निघालो. एक मुक्काम गवताच्या माळावर तंबूत झाला. दुसऱ्या दिवशी अंधारातच चालायला लागलो. थंडीनं माझे दात वाजत होते. ताई वाटाड्याच्या पावलात पाऊल टाकत चालली होती आणि मी तिच्या पाठीवर नजर ठेवून तिच्या मागे. बर्फ करकरत होता. तिचे गुडघे दुखत असणार, पण तिनं एकदाही थांबायला सांगितलं नाही. मला तिचं न थांबणंच आवडत नव्हतं.

उजाडलं तेव्हा आम्ही धारेच्या पायथ्याशी होतो. वर बघितलं तर ती अर्धी ढगात होती. दिसत होता तेवढा भाग इतका अरुंद की त्यावरून माणसं चालत जातात हे खरं वाटेना. वाटाड्यानं आम्हाला उभं राहायला सांगितलं आणि तो काठी घेऊन थोडा वर गेला. काठी टोचली. वरचा थर कडक होता, पण तो फुटल्यावर काठी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं पाय दिला तर मांडीपर्यंत रुतला, आमच्या चिखलणीच्या खाचरात रुततो तसा. त्याच वेळी बर्फाच्या आतून एक दबका आवाज आला, पोटातून यावा तसा. तो हलकेच पाय काढून परत आला.

"नाही जमणार," तो म्हणाला. "नवीन थर जुन्याला चिकटला नाहीय. सगळाच्या सगळा सुटेल."

"थोडं वर तरी," ताई म्हणाली.

"नाही, दीदी."

"मी एवढी लांबून आले. मग तुम्ही इथं थांबा दोघं, मी एकटी जाते."

तिनं हे अगदी साध्या आवाजात म्हटलं, दुकानातून काही आणायला जावं तसं. मी पुढे होऊन तिच्या दंडाला धरलं. तिनं सोडवून घेतला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

वाटाड्या बर्फावरच तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "त्या दिवशी धार चांगली होती, दीदी. साहेबांनी काही वेडेपणा केला नाही. वरून परत येत होतो. धुकं उतरलं. मागच्या एकाचे पाय लटपटायला लागले, त्याला दोरीशी माझ्याजवळ यायचं होतं. वाट एकाचीच. साहेब बाजूला सरकले आणि त्याला म्हणाले, तू जा पुढे. सरकले ती जागा म्हणजे बर्फाची ती बाहेर आलेली कड होती. आवाजसुद्धा झाला नाही. मी वळून बघितलं तर तिथं नुसतं धुकं होतं." तो थांबला. मग म्हणाला, "त्यांना मी पाठीवर खाली आणलंय. तुम्हाला नाही आणणार."

ताई खाली बसली. बर्फ ओला होता तरी बसली. मग तिनं मला विचारलं, "तू तोंड बघितलंस ना त्यांचं?"

"हो."

"कसं होतं?"

वर्षभर मी या प्रश्नाला भीत होतो. आता खोटं बोलावंसं वाटलं नाही. "एक बाजू खरचटली होती फार. दुसरी नीट होती. डोळे मिटलेले होते. दाढी वाढल्यासारखी दिसत होती."

"दाढी त्यांना कधी आवडली नाही," ती म्हणाली, आणि मग ती रडली. खाडीवर रडली नव्हती, दिवसांच्या वेळी रडली नव्हती. इथं ती तोंड उघडं टाकून मोठ्यानं रडली. वाटाड्या उठून थोडा लांब जाऊन पाठ करून उभा राहिला.

ऊन वर आलं तसं त्यानं निघायची घाई केली. आम्ही माळ उतरत असताना मागे आवाज झाला, चिऱ्यांनी भरलेला ट्रक उलटावा तसा. वळून बघितलं. धारेच्या कुशीचा एक मोठा तुकडा सुटून खाली चालला होता आणि पांढरी धूळ ढगात मिसळत होती. ताई तिकडे बघत तशीच उभी राहिली, आणि तिला चल म्हणायचं धाडस मला होईना.

ओढ्याशी आलो तोवर दुपार झाली होती. जाताना दगडासारखा असलेला साकव आता मऊ पडला होता आणि खालचं पाणी मोठ्यानं ऐकू येत होतं. वाटाड्यानं दोरी पलीकडे नेऊन बांधली. मग तिचं टोक कमरेला बांधून ताई निघाली. दोन-चार पावलं गेली असेल, तिचा पाय आत गेला आणि ती कमरेपर्यंत खाली बसली. दोरी ताठ झाली. ती किंचाळली. मी पोटावर पडून सरपटत पुढे गेलो आणि तिचा हात पकडला. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट असं आवळलं की पुढे बरेच दिवस तिथं काळंनिळं होतं.

"सोडू नको रे," ती म्हणत होती. "मला सोडू नको. मला घरी ने."

तिकडून वाटाड्यानं ओढलं, इकडून मी ढकललं, आणि ती पलीकडे गेली. बूट आतच राहिला. त्यानं स्वतःचे मोजे काढून तिच्या पायात घातले, वरून गोणपाट बांधलं. उतारावर तिनं माझा हात सोडला नाही, आणि मी तिच्या मागे नाही, शेजारी चालत होतो.

रत्नागिरीला उतरलो तेव्हा स्टेशनवर भाची आली होती. ताईला बघून तिनं तिथंच मिठी मारली. ताई नुसती उभी राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तिथं काही नव्हतं गो. नुसता बर्फ होता." भाची माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. ताई बरी आहे असं म्हणता येत नाही. ती चालायला जात नाही. दुपारची तासन्तास पडवीत बसते, हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देते. जेवते, कारण कुणी ना कुणी समोर बसून वाढतं. गुडघे पार गेलेत, ओढ्यात मुरगळलेला पाय पावसाळ्यात सुजतो.

या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. ती अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत होती, मीही सुरी घेऊन बसलो. हात लाल झाले. कितीतरी दिवस मनात होतं ते मी विचारलं.

"ताई, तू तेव्हा परत येणार होतीस ना?"

तिनं हातातला रातांबा फोडून गर वेगळा केला, साल सुपात टाकली.

"जायचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "यायचं काही ठरवलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता काय. आहे मी." तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले. "तू वर बघ जरा. मळभ आलंय. या साली भिजल्या तर सगळ्या फुकट जातील."

आम्ही दोघांनी सुपं उचलून पडवीत नेली. तिला उठताना त्रास झाला, मी हात पुढे केला. तिनं तो धरला, पायरी चढली, आणि चढून झाल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला.