माझा कोट डॉक्टरकडे जातो

दोन वर्षं मी ताकावर काढली. संग्रहणीनं पार चिपाड झालो होतो, तेव्हा आमच्या वडगावच्या वैद्यांनी भात-भाकरी बंद करून मला नुसत्या ताकावर ठेवलं. गुण आला, हे कबूल करतो. वर्षभरात पोट ताळ्यावर आलं, अंगावर मांस धरलं, शाळेत पुन्हा शिकवायला जाऊ लागलो. पण ताक कधी थांबवायचं हे सांगायच्या आधीच वैद्यबुवा वारले! आता काय करायचं? ज्यानं पथ्य लावलं त्यानंच ते सोडवायचं, हा आमच्या आईचा कायदा. ते स्वर्गात, आणि मी इथे वाटी घेऊन बसलेला.

त्यात सगळं मावळ आंबेमोहोराचं. शेजारी भात शिजला की वास थेट माझ्या ताकात येऊन पडायचा. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला ना पगारवाढ हवी होती ना स्वराज्य. मला भात हवा होता. गरम, वर तूप, मीठ, लिंबाची फोड. बस्स.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधी गावात बातमी आली, की मुंबईचे एक नवे डॉक्टर लोणावळ्याच्या बंगल्यावर हवा खायला येतात आणि रविवारी सकाळी दोन तास रोगी तपासतात. आई म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस कागदावर लिहून देत असेल, तर वाढीन मी भात." मी त्याच दिवशी हेडमास्तरांकडून दुखण्याची सगळी हकिगत इंग्रजीत लिहून घेतली.

तर वडिलांनी पंचांग काढलं. रविवारी पश्चिमेला जायला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणंच अशुभ. लोणावळा पश्चिमेला, आणि डॉक्टर बसणार रविवारीच! मी कपाळावर हात मारला. पण पंचांगवाल्यांकडे पळवाटही असते, तिला म्हणतात प्रस्थान. आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून आपली एखादी वस्तू त्या दिशेच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण आदल्या दिवशीच निघालो असं धरतात. शनिवारी माझा कोट, खिशात सुपारी आणि तो कागद घालून, स्टेशनाच्या वाटेवर राहणाऱ्या आबांच्या खुंटीला लागला. आबा म्हणजे साठीतले शेतकरी, धिप्पाड गडी. माझं ताकसुद्धा त्यांच्याच म्हशीचं. त्यांनी वडिलांना शब्द दिला, "काळजी नगं. मास्तरांचं प्रस्थान मागं फिरनार न्हाई."

रविवारी सकाळी निघालो. वडिलांना तपकिरीचा नाद. मी उंबऱ्यावर पाय ठेवला की ते शिंकायचे, आणि शिंक झाली म्हणून तेच मला परत बसवून पाणी पाजायचे. तीनदा झालं हे! "अहो, आधी ती डबी खाली ठेवा!" असं मी ओरडलो, तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली. गाडी गेली.

आबांच्या घरी पोचलो तर खुंटी रिकामी. त्यांची बायको, जिला आम्ही मावशी म्हणायचो, दारात धान्य पाखडत बसलेली.

"मावशी, कोट?"

"गेला की लोनावळ्याला. तुमी काय आला न्हाईसा. आमचं म्हातारं म्हनलं, प्रस्थान हितंच अडलं तर मास्तरांचं वाईट व्हईल. गेलं घेऊन."

"अगं पण माझ्याशिवाय?"

"कोट हाय की."

पुढची गाडी धरून लोणावळ्याला गेलो. बंगल्याच्या पायरीवर आबा बसले होते, अंगात माझा कोट, काखेत दोन्हीकडं उसवलेला.

"थंडी लय व्हती, मास्तर. घातला."

"ते राहू द्या. डॉक्टर कुठायत?"

"झालं की समदं!" आबा खूश. "कागद दिला. म्या म्हनलं, सायब, कोट मास्तरांचा हाय. तर म्हनले, कोट काढा. काढला. पोट बडवलं. जीभ बगितली. ताक पिता का? म्हनलं, रोज. परसाकडं कितींदा? म्हनलं, येकदा. खडे पचवाल असं पोट हाय म्हनले!"

मी धावतच आत गेलो. डॉक्टर दवाखाना आवरून जेवायला उठत होते.

"डॉक्टरसाहेब, रोगी मी आहे."

"कशाचे?"

"संग्रहणीचा. कागद माझा होता."

"त्या कागदाचा रोगी मी आत्ताच पाहिला," ते हसत म्हणाले. "दोन वर्षांच्या संग्रहणीनंतर असं पोट मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर आलात ना?" मग त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "तुम्ही मात्र फिकट दिसता. थोडे दिवस ताक पीत जा."

आणि गेले जेवायला! रडू की हसू, कळेना. माझ्या हातात आबांनी दिलेला तो कागद, त्याच्या तळाशी डॉक्टरांचा मराठीत शेरा आणि सही: पूर्ण बरा, सर्व काही खावे. आणि कानात ताक.

गाडीत आबांना सगळं समजावून सांगितलं. ते जराही गडबडले नाहीत. "येकाच म्हशीचं ताक पितो आपुन. माझं पोट चांगलं म्हंजे तुमचं वाईट कसं आसंल?"

घरी वडिलांनी कागद मोठ्यानं वाचला. आईनं डोळ्याला पदर लावला आणि सरळ चूल पेटवली. मी दहादा सांगायला गेलो आणि दहादा गप्प बसलो. भाताचा वास यायला लागला होता. भीती वाटत होती, मनापासून भीती वाटत होती. पुन्हा दुखणं उलटलं तर? पण आईला फसवून खायचं, हे त्याहून जड जात होतं. पान वाढलं तेव्हा म्हटलं, आता सांगतोच.

तेवढ्यात आईनं माझ्या शेजारी दुसरं पान मांडून स्वतःला भात वाढून घेतला. आमच्याकडे बायका पुरुषांच्या मागून जेवायच्या, आई कधी माझ्या पंगतीला बसलेली मी पाहिली नव्हती. मी वडिलांकडे पाहिलं.

"बसू दे तिला," ते म्हणाले. "तुझा भात बंद झाला त्या दिवसापासून तिनंही सोडलाय."

आईनं घास कालवला आणि हातातच धरून ठेवला.

"आधी तू," ती म्हणाली.

कागद कुणाच्या पोटाचा आहे हे सांगायला उघडलेलं तोंड मी भातानं भरलं.