खंडेनवमीच्या दोन उदबत्त्या

गुढियारीतली भातगिरणी बंद पडली, तेव्हा नरहरी ठवकर पन्नाशीला टेकला होता. तोवर रायपूर राजधानी झालं होतं आणि पंडरीत रोज नवी पाटी लागत होती. त्यातल्याच एका, मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या दवाखान्यात त्याला गॅसचे सिलिंडर बदलायचं काम मिळालं. प्रयोगशाळेतल्या उबदार पेटीत गर्भ वाढत. पेटीचा गॅस संपू द्यायचा नाही, एवढीच त्याची नोकरी. सहा वर्षांत एकदाही संपला नाही.

दाराशी पाटी होती : सेंट, पावडर, गजरा मनाई. उग्र वासाने गर्भ बिघडतात म्हणून. नरहरी एकेकीला हुंगून परत पाठवी. "मॅडम, तुम्ही पण सेंट लावला," म्हणत खुद्द मंजिरी मॅडमनाही त्याने एकदा हात धुवायला लावले होते. गर्भ सांभाळणाऱ्या त्याच.

बूढापारा मोहल्ल्यातली पद्मिनी उपचाराला तिसऱ्यांदा आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, यानंतर स्त्रीबीजं मिळायची नाहीत. पाच गर्भ पेटीत गेले. तिसऱ्या दिवशी नेमकी खंडेनवमी. सकाळीच ती उदबत्तीचा पुडा घेऊन उभी.

"काका, आज औजारांची पूजा न? माह्या नावानं दोन लावून द्या मशीनीपाशी."

"हव, लावतो पोरी."

गिरणीत तीस वर्षं त्याने नवमीला यंत्रं पुजली होती. सेंट वेगळं, देवाचा धूर वेगळा. तरी पेटीच्या खोलीत नको, म्हणून त्याने शेजारच्या सिलिंडरच्या खोलीत दोन उदबत्त्या लावल्या, वर कापराची वडी जाळली, हात जोडले. मॅडम अकराला आल्या, तोवर वास गेलेला होता.

एकादशीला गर्भ पद्मिनीच्या पोटात सोडायचा होता. मंजिरी मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पाचही थांबलेत, नरहरीभाऊ. नुसते गोळे."

"काहून?"

"या दोन दिवसांत पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तू बाहेर राहा, बाळाची वार हो. तू आत जा, बाळ हो. कोणीच कोणाचं ऐकलेलं नाही. आत नाही की बाहेर नाही. नवमीला तर छान होते!" त्यांनी वर बघितलं. "हवेत काही गेलं का? पेटीला हवा सिलिंडरच्या खोलीतूनच येते."

 नरहरीने कपाटातला पुडा आणून समोर धरला.

"म्या लावल्या. कापूर पण."

मॅडमनी पुडा हुंगून परत दिला. "त्यानंच झालं, असं मी छातीठोक नाही सांगू शकत. नाही झालं, असंही नाही. डॉक्टरांना सांगावं लागेल. नोकरी राहणार नाही."

"सांगा. पोरीले मीच सांगतो."

पुडा खिशात घालून तो बाहेर आला. पद्मिनी बाकावर बसली होती. वाढ थांबली, एवढंच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. हातातला रुमाल तिने पिळून पिळून दोरी केला होता. चूक माही आहे पोरी, हे वाक्य नरहरीच्या ओठांवर होतं.

तीच आधी बोलली. "काका, लावल्या होत्या न? मी देलेल्या?"

 हो म्हटलं, तर त्या धुराचंही सांगावं लागणार. मग जन्मभर ही पोरगी स्वतःचेच हात बघत बसेल.

"नाही पोरी," तो म्हणाला. "विसरलो."

ती उभी राहिली. "विसरले? माहं शेवटचं होतं काका! मले आत येऊ देत नाहीत म्हणून तुम्हाले सांगतलं. एवढंसं काम, दोन उदबत्त्या! तुमच्या घरचं असतं तर विसरले असते?"

बाकावरच्या बाया बघायला लागल्या. कोणीतरी "दीदी, बैठ जाओ," म्हणालं. ती बसली नाही. नरहरी मान खाली घालून ऐकत राहिला आणि उरलेल्या उदबत्त्यांचा वास तिला येऊ नये म्हणून खिशावर हात घट्ट दाबून एक पाऊल मागे सरकला.