एका खोलीत माणसं कोंडू नका

"व्हॅरिसेला," डॉक्टरबाई म्हणाल्या. व्हॅरिसेला म्हणजे आपल्या कांजिण्या, हर्पिसच्या कुळातला विषाणू. छातीचा फोटो उजेडासमोर धरून त्या पुढं म्हणाल्या, न्यूमोनियाही झालाय. म्हणजे फुप्फुसांना सूज. मला नववा महिना लागला होता.

फोड आल्यावर लगेच बाळंत झाले, तर बाळाला आजार मिळतो. पण आईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध जे बळ तयार होतं, ते मिळत नाही. "निदान आठवडाभर तरी बाळंतपण लांबलं पाहिजे," त्या म्हणाल्या. ते काय माझ्या सांगण्यावर होतं? तरी खोकला आला की मी दोन्ही हातांनी पोट धरून ठेवायची.

मला कोपऱ्यातली खाट दिली. सिस्टर ताट लांबून सरकवायच्या. पसरणारा आजार, त्याचं मला वाईट वाटलं नाही. संताप आला तो साथीच्या चौकशीला आलेल्या आरोग्य खात्याच्या साहेबांचा. फासेपारध्यांची वस्ती म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि माझ्या देखत डॉक्टरबाईंना म्हणाले, "यांच्यात पसरणारच. अस्वच्छता, एका पालात दहा माणसं, वर देवी आली म्हणून लपवतात."

सासूबाईंनी दाराला लिंबाचा पाला बांधला, हे खरं. पण नवऱ्याच्या अंगावर फोड दिसताच त्यांनीच मला वेगळ्या पालात हलवलं होतं. फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासून हा रोग पसरतो, ते आम्हाला कुणी सांगितलं होतं?

आता कसा पसरला ते ऐका. माझा धाकटा दीर लहू भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलतो. तिथं मालकाच्या पोराला कांजिण्या आल्या होत्या. लहूला ताप भरला, अंगावर फोड उठले, त्याच दिवशी शहरात कुठं तरी चोरी झाली. चोरी कुठंही होवो, पोलिसांची गाडी आमच्याच वस्तीवर येते. लहू, माझा नवरा अंकुश आणि वस्तीतले आणखी काही जण, सगळ्यांना उचललं. लहूनं सदरा वर करून पाठीवरचे पाण्याचे फोड दाखवले. "सोंगं करू नको," पहाऱ्यावरचा म्हणाला. सगळ्यांना एकाच खोलीत कोंडलं. प्यायला एकच मग, पांघरायला दोन घोंगड्या. पुढं चोर दुसरीकडंच सापडला आणि यांना सोडलं. चुकलं म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

दोनेक आठवड्यांनी सगळे पुरुष फोडांनी भरले. त्यानंतर माझा नंबर लागला. उष्ण मुलखात कित्येकांना लहानपणी कांजिण्या येतच नाहीत आणि मोठेपणी आल्या की जड जातात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. अस्वच्छतेचा शब्दही त्यांनी काढला नाही.

सलाइनमधून अ‍ॅसायक्लोव्हिर चालू होतं. हे विषाणूची वाढ रोखणारं औषध. हळूहळू श्वास लागायचा थांबला. कळा आल्या तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मुलगी झाली. डॉक्टरबाईंनी तिच्या अंगाची घडी न् घडी उलगडून पाहिली, मगच हसल्या. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बायांनो, घरात पोटुशी असेल आणि कुणाला कांजिण्या आल्या, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिच्या अंगावर फोड उठायची वाट बघू नका.

परवा वस्तीवर आरोग्याची माहिती द्यायला एक ताई आल्या. आजाऱ्याला वेगळं ठेवा, एका खोलीत दाटी करू नका, असं सांगत होत्या. अंकुश आणि लहू खाली मान घालून ऐकत होते, जणू गुन्हा त्यांचाच. मला राहवलं नाही.

"ताई, हे ठाण्यात जाऊन सांगा की. आमी दाटी केली न्हाय, आमाला कोंडलं."

ते आपलं काम नाही, असं त्या चाचरत म्हणाल्या. मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मग हिला तरी सांगा. पुढच्या बारीला हिच्या बापाला उचलून नेलं, तर परत आल्यावर हिनं त्याच्यापाशी जायचं का न्हाय?"